तळ्यावरची फुकट जत्रा आणि साइमा हिएताला

किराणा दुकानाच्या काचेवर तो निळा कागद लागला, तेव्हा साइमा हिएताला दूध घ्यायला आली होती. मीही तिथंच होतो, बर्फ लोटायच्या गाडीत डिझेल भरून कॉफी घ्यायला थांबलो होतो. तिनं चष्मा खाली-वर करत कागद वाचला आणि आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"रेनो, ते वाचलंस?"

"वाचलं. शनिवारी तळ्यावर बर्फाची जत्रा. स्की, बर्फावर चालायच्या जाळीच्या चपला, घसरगाड्या, सगळं वापरायला मिळणार. वर कोको आणि सॉसेज. फुकट."

"तेच विचारतेय. फुकट का?"

"लोकांनी हिवाळ्यात घराबाहेर पडावं म्हणून. लिहिलंय की खाली."

दुकानातले सगळे हसले. फिनलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेल्या आमच्या राउहाला गावात ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत बर्फ पडतो. छतावरचा बर्फ उपसून कंबर मोडलेल्या माणसांना 'जरा बाहेर पडत जा' असं कुणी सांगायचं, म्हणजे कमालच होती. पण साइमा हसली नाही. तिनं दुधाची बाटली पिशवीत टाकली आणि म्हणाली, "आपण सगळे बाहेर पडल्यावर आत कोण येणार आहे, ते नाही लिहिलेलं."

साइमाचं हे असंच होतं. नमुना म्हणून टपालानं आलेली साबणाची वडी ती परत पाठवायची. नाताळात चर्चनं तिच्या दारात टर्की ठेवली, तर ती कुणी दिली हे पाद्रीबाबांनी सांगेपर्यंत टर्की पायरीवरच पडून राहिली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला, पण सरकारकडून आलेल्या चीजचा डबा आधी स्वतः चाखून, रात्रभर थांबून, मगच पोरांना वाढला. ओन्नी हिएतालानं तिला मागणी घातली, तेव्हाही तिनं पहिला प्रश्न विचारला म्हणे, "माझ्यात तुला काय दिसलं?" ओन्नी लाकूडतोड्या, साधा माणूस. तो म्हणाला, "तुमची वाफेची सॉना आमच्यापेक्षा जास्त गरम असते." हे कारण तिला पटलं. सौंदर्याचं वगैरे काही बोलला असता तर तिनं त्याला हाकलूनच दिलं असतं.

गावातली जुनी माणसं तिला हसत, पण फार नाही. कारण त्यांना ठाऊक होतं.

साइमा आठ-नऊ वर्षांची होती तेव्हा गावात तांब्याची खाण होती आणि तिचा बाप तिच्यात उतरत असे. एका फेब्रुवारीत कंपनीनं खाणकामगारांना आणि त्यांच्या बायकापोरांना सुट्टी दिली, भरपगारी. गोठलेल्या तळ्यावर मोठा कार्यक्रम केला. बाहेरगावचा बँड आणला, वेलदोड्याच्या पावाच्या टोपल्या आणल्या, पोरांच्या शर्यती लावल्या. दुपारी बापाला डोंगराच्या बाजूनं ट्रकचे आवाज आल्यासारखे वाटले. त्यानं मान वळवली, तसा कंपनीचा माणूस बँडवाल्यांना म्हणाला, "वाजवा, थांबलात का?" बँड पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कामावर गेली तर खाणीच्या तोंडावरचं यंत्रघर रिकामं होतं. माणसं खाली-वर नेणारा पाळणा ओढायचं यंत्र, पंप, सगळं उचलून नेलेलं. फाटकाला कुलूप. त्या उन्हाळ्यात निम्मं गाव उठलं. साइमाचे दोन भाऊ डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेले ते तिकडचेच झाले. बाप जंगलात लाकडं तोडायला लागला आणि मरेपर्यंत एकच वाक्य बोलत राहिला, "मी आवाज ऐकला होता."

त्यामुळे निळा कागद लागल्यावर साइमा स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं.

हा कार्यक्रम केंड्रा व्हॉसचा. केंड्रा दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर गावात आली. नवरा वनखात्यात, आणि हिला पंचायतीनं पोराबाळांच्या खेळांचं, म्हाताऱ्यांच्या व्यायामाचं काम दिलेलं. उंच, उत्साही, येता-जाता हात हलवणारी बाई. आमच्याकडे कुणी विनाकारण हसलं की लोक मागे वळून बघतात. तिला ते अजून कळलेलं नव्हतं. साइमा तिला भेटायला पंचायतीच्या इमारतीत गेली, तेव्हा मी तिथं हीटरचं झाकण बसवत होतो.

"या, या, हिएतालाबाई! तुम्ही येणार ना शनिवारी?"

"कोको कुणाचा?" साइमानं उभ्या उभ्याच विचारलं.

"देणगी मिळालीय. कोको, सॉसेज, घसरगाड्यांचं भाडंसुद्धा. काउंटीच्या इस्पितळानं दिलीय."

"इस्पितळानं?"

"हो ना. लोकांनी हिंडावं-फिरावं, तब्येत राखावी, असं त्यांना वाटतं."

"लोकांनी तब्येत राखली तर इस्पितळाचं कसं चालायचं?"

केंड्रा मोठ्यानं हसली. साइमा हसली नाही, म्हणून तिचंही हसू विरत गेलं.

"आणि दिवस कुणी ठरवला?"

"मी आधीचा शनिवार म्हणत होते. त्यांना हा सोयीचा वाटला."

"कशाला सोयीचा?"

"ते... मी नाही विचारलं." केंड्रानं टेबलावरच्या पेन्सिली सरळ केल्या. "बाई, साधी सहल आहे हो. आपली नर्ससुद्धा असणार तिथं. तंबूत बसून सगळ्यांचा रक्तदाब तपासणार आहे."

"बर्नी? दवाखाना सोडून?"

"इस्पितळानंच सांगितलंय तिला."

साइमानं माझ्याकडे पाहिलं. मी झाकणाचा स्क्रू पिळत राहिलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ऐकलंस?"

"ऐकलं. त्यात काय? शनिवारी दवाखान्यात कोण येतंय?"

"मी शनिवारी तळ्यावर येणार नाही. कुणीतरी गावात थांबायला हवं."

"कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

"ते दिसल्यावर कळेल," असं म्हणून ती बर्फातून पाय उचलत निघून गेली.

खरं सांगायचं तर त्यानंतर माझ्याही मनात थोडी शंका शिरली. आमचा दवाखाना म्हणजे टेकडीवर चर्चशेजारी, जुन्या बँकेच्या इमारतीतल्या तीन खोल्या. बर्नी पेल्की ही एकटी नर्स तिथं रोज बसायची, आठवड्यातून एकदा डॉक्टर, एकदा दातांचा डॉक्टर. इमारत आणि पगार इस्पितळाचा. पण एक्स-रेचं यंत्र गावाचं. चर्चमधल्या बायकांनी दोन हिवाळे मांस-बटाट्याच्या पेस्ट्या विकून ते घेतलेलं. पेस्टीच्या कडा दुमडून दुमडून साइमाच्या अंगठ्याला गाठ आली होती, ती अजून होती. ते यंत्र कोण कशाला नेईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. सॉसेज भाजायचं काम माझ्याकडे होतं. मी कोळशाची पोती मोजायला लागलो.

शनिवारी ऊन पडलं. थंडी इतकी की नाकातला ओलावा चरचरत होता, पण वारा नव्हता. दहा वाजेपर्यंत तळ्यावर अख्खं गाव लोटलं. टेकडीवरून खाली येणारा रस्ता गाड्यांना बंद करून पोरांना लाकडी घसरपट्ट्यांवर बसून घसरायला मोकळा ठेवला होता, आणि वर चर्चपाशी घसरगाड्या मांडून ठेवल्या होत्या. ज्यांना उतरून यायचं त्यांनी त्या घ्यायच्या. या म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांनी फिनलंडहून आणलेल्या गाड्या. लांब लोखंडी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची, मागे दांडा धरून उभं राहायचं आणि एका पायानं ढकलायचं. ज्यांनी वर्षानुवर्षं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं ती माणसंसुद्धा त्या दिवशी जाळीच्या चपला बांधून बदकासारखी चालत होती. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. तंबूत बर्नी एकेकाचा दंड आवळत होती. केंड्रा हातात कर्णा घेऊन शर्यती पुकारत होती. मी दर थोड्या वेळानं टेकडीकडे बघत होतो आणि स्वतःवरच चिडत होतो. ही बाई आपल्यालाही वेड लावणार.

वर काय चाललं होतं ते साइमानं नंतर सांगितलं.

ती सकाळपासून गावात पायी फिरत होती. दुकान बंद, शाळेच्या इमारतीला नेहमीचं कुलूप, टपाल कचेरीचा पडदा ओढलेला. चर्चच्या मागे तिला पावलांचे ठसे दिसले, ताजे. ती भिंतीला धरून हळूहळू गेली, तर तिथं वेंडेल कोस्की सिगारेट ओढत उभा. बायकोला 'पोट दुखतंय' म्हणून सांगून तळ्यावरून सटकलेला.

"इथं काय करतोयस?" साइमानं दरडावलं.

"साइमा, देवाशपथ, एवढी एकच. लायलाला सांगू नकोस."

"आणखी कोण आहे इकडे?"

"मी आणि देव," वेंडेल म्हणाला. "आणि दवाखान्यामागं एक ट्रक आहे. औषधं आली असतील."

ट्रक पांढरा होता आणि त्याच्यावर कुणाचंही नाव नव्हतं. मागचं दार उघडं. दोन माणसं दवाखान्याच्या आतून औषधांचं कपाट उचलून आणत होती. साइमा थेट ट्रकच्या दारात जाऊन उभी राहिली. आत पाहिलं तर पुठ्ठ्याची खोकी, वजनाचा काटा, बर्नीची फिरती खुर्ची आणि गोधडीत गुंडाळलेलं एक्स-रेचं यंत्र.

"कुठं नेताय?"

"दुरुस्तीला," त्यातला दाढीवाला म्हणाला.

"कपाटसुद्धा? त्याचं काय दुखतंय?"

माणूस वरमला. दुसरा तरुण होता, त्यानं हातमोज्यानं नाक पुसलं. "आजी, आम्ही भाड्याची माणसं. किल्ली दिली, सामान उचला म्हणाले. दातांच्या डॉक्टरची खुर्ची तेवढी राहिलीय, ती सुटली की आम्ही निघालो. तुम्ही कशाला थंडीत थांबता? तळ्यावर जा की. तिथं फुकट कोको आहे म्हणे."

साइमा म्हणते, हे वाक्य ऐकलं आणि तिला तळ्यावरचा तो बँड आठवला. राग आला नाही. वेंडेलकडे वळून ती म्हणाली, "हलू नकोस इथून. ओढ तुझी सिगारेट, पण यांच्यासमोर ओढ."

तिची मोटार घरी होती, आणि तळ्याचा रस्ता बंद. चर्चपाशी घसरगाड्या उभ्या होत्या. शाळकरी वयानंतर तिनं दांड्याला हात लावला नव्हता; तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. तिनं पिशवी खुर्चीवर ठेवली, दांडा धरला आणि उजवा पाय मारला.

मी सॉसेज उलटवत होतो. आधी पोरांचा आरडाओरडा ऐकू आला, "बाजूला व्हा! हिएतालाबाई!" मग ती दिसली. टोपी मागं उडालेली, पांढरे केस मोकळे, तोंड घट्ट मिटलेलं, आणि गाडी थांबवायचं काही लक्षण नाही. ती बर्फावरून सरळ आली, कोकोच्या टेबलाला घासून गेली आणि तंबूच्या दोरीत अडकून थांबली. लोक टाळ्या वाजवायला लागले. केंड्रा तर धावतच आली.

"हिएतालाबाई! तुम्ही आलात!"

"तू आम्हाला इथं आणून बसवलंस," साइमा धापा टाकत म्हणाली, "आणि वर दवाखाना रिकामा होतोय."

"काय?"

"ट्रक लागलाय. कपाट गेलं, एक्स-रे गेला, खुर्ची सोडवतायत. तुझ्या कोकोवाल्यांचा ट्रक."

केंड्राचा चेहरा मी पाहिला. तो खोटा असेल तर ती बाई नाटकात जायला हवी होती, असं मला तेव्हा वाटलं. पण तेव्हाही मनात एक कीड वळवळलीच: दिवस बदलायला हीच तर तयार झाली होती.

बर्नी रक्तदाबाचा पट्टा हातात घेऊन बाहेर आली. "मी सकाळी कुलूप लावलं. मला कुणी काही बोललं नाही. दुरुस्तीचं नाही, कशाचंच नाही."

"साइमा, बस जरा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "कोको घे. पुन्हा तुझं ते सुरू झालं." एक-दोघं हसले.

साइमानं आवाज चढवला नाही. "हसा. माझ्या बापाच्या वेळीही लोक हसतच होते. बँड होता ना."

मग बर्नी टेकडीकडे चालायला लागली, पायात जाळीच्या चपला तशाच. केंड्रा तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं कर्णा तोंडाला लावला. आवाज फुटका येत होता. "सगळ्यांनी दवाखान्याकडे चला. पायात जे असेल ते घालूनच चला."

असा मोर्चा मी आयुष्यात पाहिला नाही. कुणी स्कीवर तिरकं तिरकं चढतंय, कुणी फताडी पावलं टाकतंय, पोरांच्या घसरपट्ट्या दोरीनं ओढत आया निघाल्यात. मी सॉसेज सोडून माझ्या गाडीत बसलो आणि मागच्या रस्त्यानं वर गेलो. रस्ता साफ करणं माझं कामच आहे. आणि साफ केलेला बर्फ कुठंतरी टाकावाच लागतो. तो मी दवाखान्याच्या फाटकात टाकला, ट्रकच्या छातीइतका.

दाढीवाला खिडकीतून ओरडला, "अहो, आम्ही निघतोय!"

"निघा की," मी म्हणालो.

तोवर गाव पोचलं. ट्रकभोवती स्की रोवल्या गेल्या, चाकांमागं घसरपट्ट्या आल्या. कुणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. लोक नुसते उभे राहिले, तोंडातून वाफा सोडत. वेंडेल अजून तिथंच होता आणि लायलाला बघून त्यानं सिगारेट बर्फात खुपसली. ट्रकवाल्या तरुणानं भुकेचं तोंड केलं होतं, म्हणून मी त्याला खिशातलं एक सॉसेज दिलं. त्याचा काय दोष?

केंड्रानं इस्पितळाच्या व्यवस्थापकाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. त्याचा आवाज गोड होता. दवाखाना बंद होत नाहीये, काउंटीच्या मुख्य गावातल्या मोठ्या दवाखान्यात विलीन होतोय. सोमवारी गावाला कळवणारच होतो.

"आजच सामान का हलवलंत?" केंड्रानं विचारलं.

"निव्वळ योगायोग."

साइमा पुढे झाली. "योगायोगाला ट्रक कुणी भाड्यानं दिला?"

मग चर्चच्या बायका फोनपाशी आल्या आणि एक्स-रेचं यंत्र कुणाचं, ते त्यांनी एकेकीनं सांगितलं. लायला कोस्कीनं तर शेरीफला बोलावते म्हणून दम दिला. शेवटी आवाजातली साखर गेली. "ते यंत्र उतरवा. बाकीचंही ठेवा. सोमवारी बोलू."

सामान गावानंच आत नेलं. त्यानंतर कोकोच्या पिंपाचं काय करायचं, असा प्रश्न आला. काहींना तो घशाखाली उतरेना. साइमा म्हणाली, "त्यांचाच आहे ना? मग एक थेंब ठेवू नका." स्वतः मात्र तिनं घेतला नाही.

दवाखाना वाचला असं म्हणता येणार नाही. वाटाघाटी वसंतापर्यंत चालल्या आणि रोजच्याऐवजी तो आठवड्यातून दोन दिवस उघडायला लागला. दातांचा डॉक्टर येईनासा झाला. बर्नीचा पगार कापला गेला. तारीख मुद्दाम ठरवली होती की खरंच योगायोग होता, हे कधी सिद्ध झालं नाही. दुकानात अजून त्यावर वाद होतात.

केंड्राकडे लोक तिरक्या नजरेनं बघायला लागले. तिची मुलगी शाळेतून रडत येई. त्यातच एके दिवशी केंड्रा साइमाच्या दारात गेली. मी साइमाच्या अंगणातला बर्फ लोटत होतो, इंजिन बंद केलं. साइमानं दार अर्धंच उघडलं.

"हिएतालाबाई, मला खरंच माहीत नव्हतं."

"ते सगळेच म्हणतात. मला एक सांग. त्यांनी तारीख बदलायला लावली, बर्नीला तळ्यावर बोलावलं. तुला काहीच वाटलं नाही?"

केंड्रानं बुटाच्या टोकानं पायरीवरचा बर्फ खरवडला. "वाटलं," ती म्हणाली. "तुम्ही विचारून गेलात त्या रात्री वाटलं. पण विचारलं असतं आणि त्यांनी पैसे काढून घेतले असते, तर कार्यक्रम झाला नसता. मला तो व्हायला हवा होता. इथं आल्यापासून मला एकदा तरी सगळे एकत्र बघायचे होते."

साइमानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग दार पूर्ण उघडलं. "बूट काढ. कॉफी टाकलीय." आणि माझ्याकडे बघून, "तू काय ऐकत बसलायस? तुझंही इंजिन बिघडलंय का?"

त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंड्राच्या नवऱ्याची बदली झाली, दूर ओरेगॉनकडे. साइमा लगेच माझ्याकडे आली. "ही बदली कुणी केली? शोध काढ." मी वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं, नेहमीचीच बदली होती, यादीत बरीच नावं होती. तिला पटलं नाही. मलाही आता तितकंसं पटत नाही.

पुढच्या हिवाळ्यात जत्रा आम्हीच भरवली, देणगी न घेता. प्रत्येक घरानं काहीतरी आणलं. साइमानं पाव भाजले, आणि भेटेल त्याला तिनं विचारलं की लोणी कुठून आणलंस. तिला तळ्यावर बसायला खुर्ची दिली होती. ती तिनं उचलली, टेकडीकडे तोंड करून ठेवली, पाठीमागे शर्यती चालू असताना दुपारभर वरचा रस्ता बघत बसली. मी तिला सॉसेज नेऊन दिलं.

"काही दिसतंय का?" मी विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली, आणि सॉसेज हातात धरून ते आधी हुंगलं.